माशांची वीण व पुराच्या पाण्यातील मासेमारी

मृगाचा पाऊस पडून ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी आले, की आपल्या गावोगावी एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. पोरेटोरे व गडीमाणसे टोपल्या, काठ्या, जुनी लुगडी व मच्छरदाण्यांचे तुकडे घेऊन ओढ्याच्या मोरीपाशी जमतात. मोरीच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांची चटई आडवी लावली जाते. पाण्याच्या उलट दिशेने चढू पाहणारे मासे तिला अडतात आणि घटका दोन घटकांत टोपल्या भरून निघतात. घरी आणून हे मासे चिरले असता पुष्कळांच्या पोटांत गाभोळी सापडते. ती आवडीने खाल्ली जाते. पुढे माघ-फाल्गुनात हेच लोक डोहाच्या काठी बसून म्हणतात, "पूर्वीसारखे मासे आता राहिले नाहीत." ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, तो समजावून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक मत्स्यशास्त्राचा पंडित नव्हे. मराठी शाळेत शिकून महसूल खात्यात कारकुनी करण्यात त्याचे आयुष्य गेले. पैठण, गंगापूर व वैजापूर ह्या तालुक्यांत पुराच्या नुकसानीचे पंचनामे करीत हिंडताना जे पाहिले, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या शेततळ्यात फसगत झाल्यावर जे वाचून व विचारून समजले, तेवढेच येथे मांडले आहे. वाचकांपैकी कित्येक माळकरी असतील व मासे त्यांच्या ताटात येत नसतील. तथापि ओढा ज्याच्या रानातून वाहतो त्याने त्या ओढ्यात काय घडते हे जाणणे योग्यच होय.

माशाची वीण कशी होते

गाईम्हशींप्रमाणे बहुतेक माशांचा गर्भ मादीच्या पोटात वाढत नाही. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्याच वेळी त्यांवर आपले रेत सोडतो, आणि अंडी पाण्यातच फळतात. म्हणून पाणी हेच त्यांचे गर्भाशय समजावे. पाण्याची ऊब, खोली, वेग आणि काठचे गवत ह्यांपैकी जे त्या जातीस लागते ते योग्य वेळी मिळाले तरच वीण यशस्वी होते. शेतकऱ्यास हे सांगणे नलगे. बी कितीही चांगले असले तरी वाफसा नसेल तर ते उगवत नाही, तसाच हा प्रकार आहे.

विणीच्या रीतीवरून आपल्याकडील माशांचे दोन वर्ग पाडता येतात. एक, वाहत्या पुराच्या पाण्यातच विणणारे. दुसरा, साचलेल्या पाण्यातही विणणारे.

पहिला वर्ग: पुरात विणणारे मासे

कटला, रोहू व मृगळ हे तीन मोठे मासे पहिल्या वर्गातील होत. हे मुख्यतः उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातील. पुढे मत्स्यबीज सोडून त्यांचा प्रसार दक्षिणेकडील नद्या व तलावांत करण्यात आला, आणि आज आपल्या बाजारात त्यांचीच चलती आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास रोहू वयात येतो; कटल्यास कधी तिसरे वर्ष लागते. उन्हाळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होत जातात. मात्र ती अंडी केवळ तयार झाल्याने बाहेर पडत नाहीत. पाऊस पडावा, नदी फुगावी, पाणी गढूळ व काहीसे थंड व्हावे, त्यास ओढ लागावी आणि ते काठ सोडून उथळ गवताळ भागावर पसरावे, असा सर्व योग जुळला म्हणजे नर-मादी प्रवाहाविरुद्ध वर चढतात व त्या उथळ पाण्यात वितात. मृगापासून आश्लेषांपर्यंत, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, हा हंगाम समजावा.

रोहूची मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे दोन ते तीन लाख अंडी घालते. ही अंडी चिकट नसतात. ती पाण्याबरोबर हलत राहतात व साधारण सोळा ते वीस तासांत फुटतात. बाहेर पडणारे पिलू जिऱ्याच्या दाण्याएवढे असते, म्हणून त्यास मत्स्यजिरे म्हणतात. पहिले तीन दिवस ते पोटाशी असलेल्या बलकावर जगते, नंतर पाण्यातील सूक्ष्म जीव खाऊ लागते. दोन-अडीच महिन्यांत ते बोटाएवढे होते, तेव्हा त्यास बोटुकली हे नाव पडते.

दुसरा वर्ग: साचल्या पाण्यात विणणारे मासे

सायप्रिनस हा विदेशी मासा तळ्यातही वितो. त्याची अंडी चिकट असून पाणवनस्पतींच्या पानांस लागून राहतात. मरळ ही तर मोठी दक्ष जात. तिचे जोडपे काठच्या गवतात जागा साफ करून घरटे करते, अंडी पाण्यावर तरंगतात आणि पिले निघाल्यावर त्यांचा तांबूस पुंजका घेऊन आईबाप हिंडतात. असा पुंजका पाहून खाली असलेली मरळ गळास लावणे हा कित्येकांचा आवडता उद्योग आहे. परंतु राखणारा मासा गेला की तो सबंध पुंजका इतर माशांच्या व बगळ्यांच्या तोंडी जातो.

चिलापीची तऱ्हा आणखी निराळी. हा आफ्रिकेकडील मासा १९५२ साली हिंदुस्थानात आणला गेला. ह्याचा नर तळाच्या गाळात खळगा करतो, मादी तेथे अंडी घालते व लगेच ती आपल्या तोंडात घेऊन उबवते. पिले सुटी झाली तरी धोका दिसताच ती आईच्या तोंडात शिरतात. ह्यामुळे अंडी थोडी असूनही नाश फार कमी होतो. शिवाय दोन-तीन महिन्यांचे पिलूच पुन्हा विऊ लागते. परिणाम असा होतो, की तळे माशांनी भरते पण एकही मासा हातभर होत नाही.

एक अनुभव

निवृत्तीनंतर प्रस्तुत लेखकाने आपल्या रानाच्या खोलगट भागात एक मातीचे शेततळे खणले. काळ्या जमिनीमुळे पाणी चांगले ठरले. मनात हिशेब असा केला, की दरवर्षी मत्स्यबीज कशाला विकत घ्यावे? रोहूचे दहा-बारा मोठे जिवंत मासे एकदाच सोडावे, ते विऊन तळे आपोआप भरेल. त्याप्रमाणे एका विक्रेत्याकडून वैशाखात मासे आणून सोडले. माद्यांची पोटे फुगलेली स्पष्ट दिसत होती. पाऊस झाला, तळे भरले, दिवाळी गेली. पुढील उन्हाळ्यात पाणी उपसले तेव्हा सोडलेल्यांपैकी नऊ रोहू निघाले, त्यांचे पिलू मात्र एकही नाही. आणि त्यांच्या सोबत चार बोटे लांबीच्या शेकडो चिलाप्या! विकत आणलेल्या माशांत किंवा त्यांच्या पाण्यात चिलापीची काही पिले आली असली पाहिजेत. हवे ते विले नाही आणि नको ते विले.

ह्यात रोहूचा दोष नव्हता, अज्ञान लेखकाचे होते. तळ्यात रोहूच्या पोटात अंडी तयार होतात, परंतु प्रवाह व पूर न मिळाल्याने ती बाहेर पडत नाहीत. हंगाम टळला की ती अंगातच जिरून जातात. ह्याच अडचणीमुळे पूर्वी सर्व हिंदुस्थानात मत्स्यबीज नद्यांतून पुराच्या वेळी गोळा करावे लागे, व त्यात नको त्या जातींची भेसळ असे. बंगालच्या बांकुडा भागात लोकांनी एक युक्ती काढली होती. उतारावरचे पावसाचे पाणी धावत येऊन मिळेल असे बंध घालून त्यांत मासे सोडीत, आणि त्या लोटाने फसून मासे तेथेच विणीत. पुढे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूच्या बुडाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून ह्या जातींची वीण घडवून आणली. जे काम पूर करीत असे ते सुईने साधले. आज आपणांस केंद्रावर जे शुद्ध बीज मिळते ते ह्याच शोधाचे फळ होय, आणि १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

गाभोळीचा जमाखर्च

तळ्यासाठी बीज विकत मिळते. परंतु नदी, ओढा व डोह ह्यांना नैसर्गिक विणीचाच मोठा आधार असतो. आता प्रारंभी सांगितलेल्या मोरीवरील मासेमारीचा महसुली पद्धतीने हिशेब करू. दोन किलो वजनाची रोहूची एक मादी धरली. खर्ची पडलेली अंडी किमान चार लाख. त्यांतील पुष्कळ फुकट जाणार हे उघड आहे. म्हणून हजारांत एकच पिलू वाचून मोठे होईल असे अगदी हात आखडून धरू. तरी चारशे मासे होतात, आणि प्रत्येक केवळ एक किलोचा मानला तरी चारशे किलो. म्हणजे दोन किलो आज घेऊन चारशे किलो गमावले. बियाण्याचे पोते दळून खाणाऱ्या कुणब्यास आपण काय म्हणतो? मग येथे निराळा न्याय का लावावा?

दुसरी गोष्ट अशी, की इतर ऋतूंत मासा विस्तीर्ण पाण्यात विखुरलेला असतो. विणीच्या वेळी मात्र तो अरुंद ओढ्यात, गुडघाभर पाण्यात, थव्याने व आपल्या संरक्षणाविषयी बेफिकीर होऊन येतो. म्हणूनच त्या वेळी तो सहज सापडतो. मासे फार सापडले म्हणजे मासे फार आहेत, हा समज खोटा होय.

ही तक्रार आजची नव्हे. डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मासेमारीवर जो अहवाल सरकारास सादर केला, त्यात विणीस निघालेल्या माशांस बांध व सापळे लावून अडवणे आणि बारीक जाळ्यांनी पिले मारणे ह्यांविरुद्ध त्यांनी लिहिले होते. पुढे १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. परंतु प्रत्येक ओढ्याच्या मोरीवर शिपाई उभा करता येत नाही. ते काम गावाच्या समजुतीनेच व्हावयाचे.

बर्फाखालील मासेमारी

हा नियम केवळ आपल्या उष्ण मुलखाचा नाही, हे दिसावे म्हणून अगदी उलट हवेच्या देशांकडे क्षणभर पाहू. फिनलंड, रशिया, कॅनडा व अमेरिकेची उत्तरेकडील संस्थाने येथे हिवाळ्यात सरोवरांवर बर्फाचा जाड थर बसतो. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते, सबब ते तळाशी राहते व बर्फ वर तरंगतो. त्याखाली मासे जिवंत असतात. लोक बर्फावर चालत जाऊन त्यास भोक पाडतात व त्यातून गळ सोडतात. तेथेही कोणता मासा केव्हा व कोठे लागेल हे विणीवरून ठरते. बरबट नावाचा मासा ऐन हिवाळ्यात, बर्फाखालीच वितो. त्या सुमारास तो रात्री थव्याने एकत्र येतो व गळास पुष्कळ लागतो. पाइक नावाचा मोठा शिकारी मासा बर्फ वितळताच काठच्या बुडालेल्या गवतात अंडी घालतो. आणि म्हणून हिवाळा सरता सरता, वर बर्फ असतानाच, तो उथळ खाड्यांकडे सरकू लागतो. आमच्या रोहूस मृगाचा पूर तसा पाइकास वसंतातील वितळलेल्या बर्फाचा पूर, असे म्हणावयास हरकत नाही.

तेथील लोकांनी ह्या ज्ञानाचा उपयोग मासे धरण्यासाठी केला, तसाच राखण्यासाठीही केला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सरोवरांत पाइक व वॉलआय ह्या माशांची मासेमारी फेब्रुवारीच्या अखेरीस बंद होते, ती मे महिन्याच्या मध्यास उघडते. बर्फ अजून टिकून असला तरी विणीस निघालेला मासा धरता येत नाही. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपले कोकणातील कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जाळे टाकीत नसत, आणि आज कायद्यानेही जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. वादळाचे भय हे त्याचे एक कारण, आणि माशांची वीण हे दुसरे. समुद्रास जी विश्रांती मिळते ती आपल्या ओढ्यांस का मिळू नये?

नाथसागर व आपले ओढे

पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पूर्ण भरला असता नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. एवढे मोठे व उथळ पाणी माशांस वाढण्यासाठी उत्तम आहे. पण वाढणे निराळे आणि विणे निराळे. धरणाची भिंत चढून खालचा मासा वर येऊ शकत नाही. जलाशयातील मासा विणीसाठी वरच्या अंगास, गोदावरी, प्रवरा, शिवना व त्यांस मिळणाऱ्या लहान ओढ्यांकडेच वळणार. वरच्या धरणांनी पाणी अडवल्याने ज्या वर्षी पूर उशिरा येतो किंवा येतच नाही, त्या वर्षी ह्या माशांस आधीच संधी अल्प मिळते. अशा वेळी जो एखादा लोट येतो त्यातही आपण मोरीवर चटई लावली, तर उरलेसुरले बीजही नाहीसे होते. जलाशयावर व पाझर तलावांवर पोट भरणाऱ्या भोई कुटुंबांचे नुकसान त्यात प्रथम होते, हे विसरता कामा नये. दोन दिवसांची आपली मौज म्हणजे त्यांच्या वर्षाच्या पिकावर टोळधाड होय.

शेतकऱ्याचा स्वतःचा तोटाही लहान नाही. मोरी चटईने अडवली की तिला पाचोळा व काटक्या अडकतात, पाणी तुंबते आणि बांध फोडून शेजारच्या पिकात शिरते. असे पंचनामे लेखकाने स्वतः लिहिले आहेत. डोहात कीटकनाशक टाकून मासे मारण्याचा प्रकार तर ह्याहून घातक. तेच पाणी आपली गुरे पितात.

शेततळ्यात काय करावे

"मागेल त्याला शेततळे" ही योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून पुष्कळांच्या रानात तळी झाली आहेत. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा तळ्याचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा सुमारे अकरावा भाग भरते. हेक्टरी पाच हजार बोटुकली हे साधे प्रमाण धरल्यास अशा तळ्यास ४५० बोटुकली पुरे. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. सबब तिन्ही मिळून सोडावे म्हणजे एकाचा घास दुसरा खात नाही. कटला १८०, रोहू १३५ व मृगळ १३५ अशी वाटणी करता येईल.

बोटुकली सकाळी, उन्हापूर्वी सोडावी. पिशवी एकदम ओतू नये. पाव तास ती तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतील व बाहेरील पाण्याची ऊब सारखी होते. सोडण्यापूर्वी बीज पांढऱ्या थाळीत घेऊन पाहावे व त्यात चिलापी असल्यास काढून टाकावी. पाणी येण्याच्या व जाण्याच्या तोंडाशी जाळी बसवावी. चिलापी व मरळ ह्यांस आत येऊ देऊ नये. एक जागा अडवते व दुसरी पिले खाते. उन्हाळ्यात पाणी कंबरेखाली जाण्यापूर्वी मासे काढून घ्यावे. पुढील वर्षी बीज पुन्हा आणावे लागेल, हे प्रथमपासूनच हिशेबात धरावे. लेखकाने दुसऱ्या वर्षी तळे सुकवून असेच केले, आणि मग मात्र निराशा झाली नाही.

सारांश

१. कटला, रोहू व मृगळ वाहत्या पुरातच वितात. तळ्यात त्यांचे बीज दरवर्षी सोडावे लागते.
२. मृगापासून आश्लेषा संपेपर्यंत ओढा, नाला वा मोरी अडवून मासे धरू नयेत, व आपल्या रानात कोणास धरू देऊ नयेत.
३. पिलांचा पुंजका राखणारी मरळ मारू नये.
४. हंगाम संपल्यावर मासेमारी करताना जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, इतका मोठा असावा की बोटुकली सुटून जाईल. मच्छरदाणी कधीही वापरू नये.
५. फवारणीचे पंप व औषधांचे डबे ओढ्यात धुऊ नयेत. त्या पाण्यात ह्याच दिवसांत मत्स्यजिरे असते.
६. ओढ्याच्या काठची गवताळ पड नांगरून टाकू नये. तेथेच पुराचे पाणी पसरते व तेथेच वीण होते.

ह्या सहा गोष्टींस पैसा लागत नाही. ग्रामसभेत एक ठराव करावा, आणि तलावाचा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांस त्या सभेस अगत्याने बोलवावे, म्हणजे ठरावाची राखण करणारी माणसे आपोआप मिळतील. येत्या मृगात ज्या वाचकाच्या मोरीवर चटई लागणार नाही, त्याने ओढ्याकाठी उभे राहून चढणारे मासे मुलांस अवश्य दाखवावे. हा पाठ त्यांस तेथे अधिक चांगला समजेल.